कमलाक्षीचे गाऱ्हाणे

कमलाक्षी रस्त्याच्या कडेने कधी चालली नाही. पार्शाच्या देवळापासून काजूच्या कारखान्याकडे जाणारा रस्ता तसा अरुंद. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला काजूची डोंगरी. सकाळी ती घरून निघे ती रस्त्याच्या मधोमध, पदर खोचलेला, काखेत डबा, मान सरळ. मागून म्हापशाची बस येई, भोंगा वाजवी, आणि शेवटी ड्रायव्हर डोके बाहेर काढून ओरडे, "ए बाय, रस्तो तुझ्या बापायचो काय गो?"

"बापायचो न्हय, आज्याचो," ती मागे न बघता म्हणे. "तेणां माती व्हावली. तू ये सवकास, माका घाय नाय."

यात खोटे काही नव्हते. पोर्तुगीजांच्या काळात त्या रस्त्यावर तिच्या आजोबाने टोपल्या वाहून माती टाकली होती आणि वर शिव्याही खाल्ल्या होत्या. बस तिच्या मागून रांगत येई. ती कारखान्याच्या फाटकात वळली की बसमधली माणसे हसत पुढे जात.

कारखाना म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी कौलांची एक लांब शेड. बाहेर काजूची बी उकडायची भट्टी, आत दोन रांगांत बत्तीस टेबले आणि बत्तीस बायका. प्रत्येकीपुढे बी कापायचे यंत्र. डाव्या हाताने बी दोन पात्यांमध्ये धरायची, पायाने खालची फळी दाबायची, उजव्या हाताने दांडा ओढायचा. टरफल दुभंगले की सुईच्या टोकाने गर बाहेर काढायचा. सांगायला एवढेच. पण टरफलात चीक असतो आणि तो लागला की कातडी भाजते, म्हणून बायका हातांना खोबरेल आणि राख चोळून बसत. गर आखा निघाला तर मान, तुकडा झाला तर तो वेगळ्या डब्यात. कमलाक्षीच्या हातून शंभर बियांतले पंच्याण्णव गर आखे निघत. एकोणीस वर्षे निघत होते. नवी मुलगी कामावर आली की तिला आधी आठ दिवस कमलाक्षीच्या शेजारी बसवत, आणि कमलाक्षी तिला एवढेच सांगे, "हातान कापू नको. कानान काप. बी तडकता तेचो आवाज आयक."

तिचे टेबल जनेलाजवळचे. त्या जनेलातून पलीकडची माडांची बाग दिसे. तिचा नवरा शंभू पाडेली होता. माडावर चढून नारळ पाडणे हा त्याचा धंदा. त्या बागेत त्याचे काम असले की शेंड्यावरून तो कोयता हलवी आणि ती दांडा ओढता ओढता हनुवटी जरा वर करी. लग्नाला बावीस वर्षे झाली होती, तरी हे चुकले नव्हते.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी पावसाच्या तोंडावर गोकुळदास या शेडमध्ये सुपरवायझर म्हणून आला. मालक बाबुराव, ज्यांना सगळा गाव पात्रांव म्हणे, त्यांच्या बायकोच्या नात्यातला हा माणूस. म्हापशात कुठल्याशा ऑफिसात चार वर्षे काढलेली. पस्तिशीचा, पांढरा बुशशर्ट, मनगटावर मोठे घड्याळ आणि गळ्यात शाळेच्या ड्रिल मास्तराची असते तशी शिट्टी. पहिल्याच दिवशी शेडच्या मधोमध उभे राहून त्याने ती वाजवली. दोन बायकांच्या हातांतल्या बिया सुटून पडल्या.

"आजपासून शिट्टी वाजली की काम सुरू, शिट्टी वाजली की काम बंद," तो म्हणाला. "मधी कोण उठली तर माका विचारून."

"आणि सायबा, शिंक आयली तर?" भाग्यलक्ष्मीने विचारले. ती कमलाक्षीच्या शेजारच्या टेबलावरची, सगळ्या शेडची हसवणूक तिच्या जिभेवर. "आमी आधी शिंकू की तुमी आधी शिट्टी मारतलात?"

बायका हसल्या. गोकुळदासही हसला, पण कोण कोण हसले ते त्याने बघून ठेवले.

शेडमध्ये पाच-सहा मुली घाटावरच्या, चंदगडच्या होत्या. त्यांतली योगिता एकोणीस वर्षांची, पावसाआधीच आलेली. गोकुळदास त्यांना नावाने हाक मारत नसे. "ए घाटाऽऽ" म्हणे. त्या वर्षी गावोगाव कोकणी की मराठी यावरून माणसे भांडून दमली होती. सख्खे भाऊ एकमेकांच्या घरच्या कार्याला गेले नव्हते. ते सगळे बाहेरच राहिले होते, शेडमध्ये शिरले नव्हते. ते गोकुळदासने आत आणले. "आता राज्य आमचां झालां," तो चंदगडच्या मुलींकडे बघत म्हणे, "आता घाटावयल्यांनी आपापलो घाट चढूक शिकचां."

कमलाक्षी दांडा न थांबवता म्हणाली, "राज्य झालां म्हणान बी उलटी कापतत काय, सायबा? बी काय कापणाऱ्याचो गाव विचारीत नाय."

त्यावरही तो हसला. खरे वाकडे आले ते पुढे, आणि ते आले उकडण्यावरून.

भट्टी अनंतदादाकडे होती. अनंत साठीला टेकलेला, कारखान्यातला सगळ्यांत जुना माणूस. बी किती वेळ वाफेवर ठेवायची ते तो वासावर ठरवी. डोंगरावरची बी वेगळी, खाडीकडची वेगळी, गेल्या वर्षीची मुरलेली वेगळी. गोकुळदासने आल्या आल्या ते मोडले. सगळ्या बियांना घड्याळ लावून सारखाच वेळ. अनंत नाक पुसून बाजूला झाला. बी कच्ची राहू लागली, गराला टरफल चिकटून येऊ लागले, पात्याखाली तुकडेच पडू लागले.

एकदा बाबुराव शेडमध्ये फेरी मारायला आले. तुकड्यांचे डबे भरलेले बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ह्यां कितां गो? हात थरथरतत काय तुमचे सगळ्यांचे एकदम?"

गोकुळदास म्हणाला, "बायकांचां लक्ष नाय कामात."

कमलाक्षीने पाय फळीवरून काढला. "लक्ष आसा, पात्रांव. बी कच्ची आसा. अनंतदादा वासान काढी तेव्हा तुकडे नाय पडले. आता घड्याळ काढता. घड्याळाक नाक नाय."

बाबुराव मोठ्याने हसले. गोकुळदासच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भट्टी अनंताकडेच रवांदे रे." आणि निघून गेले. एवढेच झाले. पण बत्तीस बायकांसमोर झाले.

दुसऱ्या दिवशी कमलाक्षी आली तेव्हा तिच्या टेबलावर दुसरी बाई बसली होती. "तू थंय," गोकुळदासने बोट दाखवले. दाराच्या मागे, टरफलांच्या पोत्यांजवळ, एक जादा टेबल भिंतीला तोंड करून ठेवले होते. "प्रोफेसर बायेक एकांत बरो. विचार करूक."

ती जाऊन बसली. भिंतीला चुन्याचे पोपडे होते. पोत्यांतल्या टरफलांच्या चिकाचा वास नाकात झोंबत होता. जनेल पाठीमागे राहिले.

पुढचे तीन महिने असे गेले की त्यातला कुठलाही एक दिवस सांगितला तर ऐकणारा म्हणेल, यात काय एवढे? शेजारच्या बायकांशी बोलायचे नाही. बोलली तर शिट्टी. भट्टीतली सगळ्यांत वाईट उकडलेली, सगळ्यांत बारीक बी तिच्या टोपलीत. संध्याकाळी तिच्या तुकड्यांचा डबा वर धरून, "बघा, एकोणीस वर्सांचो अनुभव!" ती बाहेर झाडांच्या आड जायला उठली की तो घड्याळ बघे आणि ती परत येईपर्यंत दारात उभा राही. परत आली की सगळ्यांना ऐकू जाईल असे, "सात मिनिटां. प्रोफेसर बायेची तब्येत बरी नाय वाटता." कोणी तरी तोंडात पदर धरून हसे. हसणारीला दुसऱ्या दिवशी चांगली बी मिळे.

सगळ्यांत वाईट जेवणाची सुट्टी. बायका मागच्या फणसाखाली गोल करून बसत, एकमेकींच्या डब्यांतले घेत. एक दिवस गोकुळदासने त्या गोलापाशी येऊन तिच्यासोबत जेवणाऱ्यांना बजावले, "तिच्या वांगडा जेवतली तिका तिच्या वांगडाच बसयतलंय." दुसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मीने डबा उघडला आणि कमलाक्षीकडे पाठ करून बसली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तिची पाठ कमलाक्षीने नीट बघितली. ती पाठ घाबरलेली होती. रागावण्यासारखे तिच्यात काही नव्हते.

कमलाक्षी बाबुरावांच्या घरी गेली. त्यांनी तिला व्हरांड्यात बसवले, चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तो शिकलेलो आसा गो, जरा तापट आसा. तू मोठी, सांभाळून घे." महिन्याने ती पुन्हा गेली. पुन्हा चहा मिळाला.

शंभू म्हणाला, "सोड तां काम. मी माडार चढतंय तोवर उपाशी मरूचंय नाय."

"सोडीन," ती चुलीत लाकूड सारत म्हणाली. "पण माझ्या पायांनी सोडीन. तेच्या शिट्टीन न्हय."

"तू हट्टी."

"तुका बावीस वर्सांनी कळलां?"

दसरा आठ दिवसांवर आला तेव्हा गोकुळदासने तिला ऑफिसात बोलावले. मेजावर एक टाईप केलेला कागद होता. कमलाक्षी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. तिने तो सावकाश वाचला. प्रकृतीच्या कारणामुळे मी आपणहून काम सोडत आहे, असे त्यात होते. खाली तिचे नाव आणि सहीला मोकळी जागा.

"माझी प्रकृती बरी आसा," ती म्हणाली.

"दसऱ्यापर्यंत बरी असांदे," गोकुळदास म्हणाला. "दसऱ्यानंतर नवी यादी. तेच्यात तुझां नाव नाय. सही केलंय तर मानान जातलंय. नाय केलंय तर फाटकार अडयतलो, आणि मगे गाव विचारीत कित्या अडयली. चोरी केली काय, कितां केलां. लोकांच्या तोंडाक मी शिट्टी लावूक शकना."

त्याच दुपारी त्याने योगिताला उठवले. कमलाक्षीचा तुकड्यांचा डबा तिच्या हातात दिला. "हो घे. एकेका टेबलाकडे वच आणि सगळ्यांक दाखय. म्हण, ही प्रोफेसर बायेची शिकवण."

योगिता डबा धरून उभी राहिली. तिला बी कापायला कमलाक्षीनेच शिकवले होते. "मी न्हाई म्हणनार, साहेब," ती म्हणाली. "मावशीची बी कच्ची असत्या. मला म्हाईत हाय."

"उद्यासून चंदगडाक बसून कापतंय काय मगे?"

मुलगी चालू लागली. पहिले टेबल, दुसरे टेबल. तोंडाने काही म्हणत नव्हती, डोळ्यांतून पाणी वाहत होते. कमलाक्षीने भिंतीकडचे तोंड वळवून ते बघितले. तीन महिने तिने स्वतःचे सगळे गिळले होते. हे मात्र तिला गिळता आले नाही.

संध्याकाळी ती भट्टीवर अनंतदादाकडे गेली.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होई. पाती घासून, रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांचे हार घालून बायका सगळी यंत्रे सजवत. शेडच्या तोंडाशी पाटावर नारळ ठेवून अनंत गाऱ्हाणे घाली. त्या मुलखात कुठलेही मोठे काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो, मागायचे ते मागतो, चुकले ते कबूल करतो, आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेली सगळी माणसे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते एकदा सुरू झाले की मध्ये कोणी तोडत नाही. मागण्याला व्हय मिळाले नाही किंवा व्हय म्हणून कोणी ते मोडले तर ते देवाच्या दारात लटकून राहते आणि घराला बाधते, असे लोक मानतात. नारळ फोडण्याआधी जाणता विचारतो, "कोणाचां कायं रवलां असल्यास सांगा." ही नुसती रीत. अनंतने सतरा वर्षे विचारले होते आणि सतरा वर्षांत कोणीही काही सांगितले नव्हते.

"दादा, माझां गाऱ्हाणां घालशीत?" कमलाक्षीने विचारले.

अनंतने भट्टीतली राख ओढता ओढता मान हलवली. "माझो जावय ह्याच भट्टीर आसा, बाये. तेका गोकुळदास सकाळी काढीत. आणि गाऱ्हाणां म्हणजे भांडाण न्हय."

"मगे कितां? बरां चल्लां तेव्हा गोड बोलूक देव आणि वायट चल्लां तेव्हा गप रवूक देव?"

अनंतने राख टोपलीत ओढली.

"बरां," ती म्हणाली. "तू तुझां घाल. पण शेवटाक रवलां काय म्हणान विचारतलंय मरे?"

"विचारचांच लागता. रीत आसा."

"विचार तर."

अनंतने राखेची दांडी भिंतीला टेकवली. "बायल मनीस गाऱ्हाणां घालीत नाय गो."

"खंय लिवलां?"

त्याला ते कुठे लिहिलेले आठवेना.

खंडेनवमीला सकाळी शेड वेगळीच दिसत होती. पाती लखलखत होती, रोजांच्या वासाने चिकाचा वास मागे हटला होता. बायका नवी लुगडी नेसून आलेल्या. बाबुराव रेशमी सदरा घालून पुढे, त्यांच्या उजव्या हाताला गोकुळदास. त्या दिवशीही शिट्टी गळ्यात होती. कमलाक्षी सगळ्यांच्या मागे, दाराजवळ.

अनंतने नारळ हातात घेतला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आई भगवती, गावच्या राखणदारा, शिवेवयल्या देवचारा, आज ही लेकरां तुझ्या पायांकडे इली आसत. ह्या पात्यांक, ह्या आगीक, ह्या हातांक सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"धन्याची भरभराट कर, घरादारात सुख दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबुराव डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांत मोठ्या आवाजात व्हय म्हणत होते. त्यांचे वडील गावच्या देवळात गावकर होते, गाऱ्हाणे घालायचा मान त्यांचा. लहानपणापासून वडिलांच्या मांडीला टेकून त्यांनी शेकडो गाऱ्हाणी ऐकली होती. बोलणाऱ्याचा आवाज "म्हाराजा"वर उतरला की त्यांच्या तोंडून व्हय आपोआप निघे, श्वास निघावा तसे.

अनंतचे मागणे संपले. त्याने विचारले, "कोणाचां कायं रवलां असल्यास सांगा."

आणि रीतीप्रमाणे तो नारळ फोडायला वाकणार, इतक्यात मागून आवाज आला.

"रवलां."

माणसे बाजूला झाली नाहीत, पण कमलाक्षी मधोमध चालत पुढे आली. तिने अनंतच्या हातांतला नारळ घेतला. त्याने तो दिला की त्याच्या हातांतून सुटला, हे पुढे त्यालाही कधी सांगता आले नाही. तिने डोळे मिटले नाहीत.

"बा देवा म्हाराजा!"

कोणी व्हय म्हटले नाही. बाईच्या तोंडून ते शब्द कोणी ऐकलेच नव्हते.

"एकुणीस वर्सां ही बायल तुझ्या ह्या शेडीत बी कापता. तिणां खरां सांगलां म्हणान तिका वणतीकडे तोंड करून बसयली. तिच्या वांगडा जेवतली तिका धमकी दिली. ती देहधर्माक गेली तर दारात रवान मिनिटां मोजली. लाज कोणाची तां तू ठरय म्हाराजा!"

गोकुळदासचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "बस, बस झालां!" तो पुढे आला. "पात्रांव, हिका..."

"गाऱ्हाणां चालू आसा, सायबा," अनंत हलक्या आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता, पण गोकुळदास जागच्या जागी थांबला. तोही याच मुलखातला होता.

आणि मागच्या रांगेतून, रीत नीट माहीत नसलेला, नको तेवढा मोठा आवाज आला. "व्हय महाराजाऽऽ!"

योगिता होती. चंदगडच्या तोंडातले ते व्हय जरा वेगळेच वाजले, पण वाजले.

मग दुसरे आले, भाग्यलक्ष्मीचे, रडके. मग तिसरे. पुढचे मागणे येईपर्यंत बायका सरसावून उभ्या राहिल्या होत्या.

"जी बायल ह्या शेडीत येता, गावची असांदे नायतर घाटावयली, तिका तिच्या नावान हाक मारची म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" एकतीस बायका. आणि त्यांच्यात, मिटलेल्या डोळ्यांनी, जोडलेल्या हातांनी, बाबुराव. त्यांचे व्हय सगळ्यांत खणखणीत. ते म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि आपण कशाला व्हय म्हटले ते त्यांच्या ध्यानात आले.

"खोट्या कागदार कोणाची सय मागची नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या मनशान ह्यां केलां तेचां वायट मी मागीत नाय. तेका बुद्ध दी. आणि आमका ताठ कणो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कौलांवरची चिमणी उडाली.

कमलाक्षीने नारळ दगडावर आपटला. एका घावात दोन सारखी भकले झाली. ती तिने पाटावर ठेवली, हात पुसले आणि पुन्हा मागे आपल्या जागी जाऊन उभी राहिली. तेव्हा कुठे तिने दाराची चौकट धरली.

दसरा झाला. कारखाना उघडला त्या सकाळी फाटकावर तिला कोणी अडवले नाही. बाबुरावांनी ऑफिसात बोलावले. ते कदेलीवर पाठ टेकून बसले होते, गोकुळदास जनेलापाशी उभा.

"कमलाक्षी, ही घरची गजाल," बाबुराव म्हणाले. "देवाफुडे कित्या काढलंय?"

"तुमच्या व्हरांड्यात दोन खेपे काढलंय, पात्रांव. तुमी च्या दिलात."

बाबुरावांनी मेजावरचा पेन उचलला, परत ठेवला. "आता माझ्याकडसून कितां होया? तेका काढू?"

"तेका काढा म्हणान मी देवाक सांगूक नाय. तुमकाय सांगीत नाय. तुमी व्हय म्हटलां, तेवढां करा."

"तां सवयीन म्हटलां गो."

"देवानय सवयीनच आयकलां असतलां."

बाबुराव हसतील असे गोकुळदासला वाटले असावे. ते हसले नाहीत. त्यांना वडील आठवले असतील, किंवा तुकड्यांचे डबे, किंवा व्हय म्हणून मोडल्यावर घराला काय बाधते त्याची भीती. त्यांनी गोकुळदासकडे हात केला. गोकुळदासने मेजाचा खण ओढून कागद काढून दिला. बाबुरावांनी तो घडी करून खिशात घातला.

"खिशात नको," कमलाक्षी म्हणाली. "फाडा."

त्यांनी फाडला.

"माझां टेबल जनेलाकडे. कोणी खंय बसून जेवचां तां जेवणारी ठरयतली. आणि बाहेर जावक विचारचां लागता कामा नये. कोणाकच."

"बरां," बाबुराव म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "आणि कायं रवलां?"

"आज नाय," ती म्हणाली आणि शेडमध्ये गेली.

गोकुळदास गेला नाही. अशी माणसे एका गाऱ्हाण्याने जात नाहीत. तो पंधरा दिवस गप्प राहिला. कमलाक्षीच्या टेबलाला वळसा घालून जाई. तिला चांगली बी मिळू लागली, तिचे गर पुन्हा आखे निघू लागले. जेवताना भाग्यलक्ष्मीने पहिल्या दिवशी काही न बोलता बांगड्याचा मोठा तुकडा तिच्या डब्यात टाकला. कमलाक्षी म्हणाली, "काटो काढून दी, तीन म्हयन्यांचो रवलो आसा," तेव्हा ती आधी रडली आणि मग हसली.

सोळाव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीनंतर, गोकुळदास दाराशी उभा राहिला. शेडमध्ये बत्तीस यंत्रांचा खडखडाट चालू होता. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि योगिताच्या टेबलापाशी जाऊन थांबला.

"योगिता," तो म्हणाला. नाव घेतले. नाव घ्यायचे ठरले होते. "तुझो हात आजकाल मंद पडलो आसा. उद्यासून तू थंय बस." त्याचे बोट दाराच्या मागे, पोत्यांजवळच्या रिकाम्या टेबलाकडे गेले. "वणतीकडे. लक्ष लागात."

योगिताने दांडा अर्ध्यावर धरून ठेवला. तिने कोणाकडे बघितले नाही.

कमलाक्षीने फळीवरचा पाय उचलला. तिचे यंत्र थांबले. ती उठली नाही, बोलली नाही, हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेजारी भाग्यलक्ष्मीचे यंत्र थांबले. मग पलीकडचे. पावसाची सर ओसरताना कौलांवरचा आवाज एका टोकाकडून कमी होत जातो, तसा खडखडाट त्या रांगेतून ओसरत गेला, वळून दुसऱ्या रांगेत शिरला आणि शेवटच्या टेबलाशी संपला. शेडमध्ये भट्टीच्या वाफेची फुसफुस तेवढी ऐकू येऊ लागली. एकोणीस वर्षांत दिवसाउजेडी कामाच्या वेळी ती कोणी ऐकली नव्हती.

गोकुळदासने ऑफिसकडे बघितले. दार उघडे होते, आत कोणी नव्हते. अनंत भट्टीवरून येऊन शेडच्या तोंडाशी उभा राहिला होता. हातातली राख ओढायची दांडी त्याने खाली ठेवली.

"काम कित्या थांबलां?" गोकुळदास ओरडला. इतक्या शांततेत त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला असावा, कारण पुढचे तो हळू बोलला. "कोणी थांबयलां?"

"आमी," कमलाक्षी म्हणाली.